तीनदा टकटक

१४ जानेवारी

प्रिय बारक्या,

पत्र लिहू नकोस असं तू सांगून गेला होतास. तरी लिहितेय. आवडलं नाही तर फाडून टाक, पण आधी वाच.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी दुकानात वेत भिजत घालत होते, तिथेच बादलीवर कोसळले. मी लाँड्रीच्या काउंटरवर होते. समोरच्या सायकलवाल्याने बघितलं म्हणून वाचले. उजवा हात, उजवा पाय गेला. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. अजून दवाखान्यातच आहेत.

हातापायाबरोबर वाचाही गेली. अगदी सगळी नाही, एक शब्द उरलाय. तो कुठला म्हणशील? च्यायला.

हस, खुशाल हस. मीही वॉर्डाबाहेर जाऊन हसले आणि मग तिथेच बाकावर बसून रडले. लहानपणी तुझ्या बोटात वेताची सळ घुसली तेव्हा तू हाच शब्द बोललास, आणि बाबांनी तुला साबणाने चूळ भरायला लावली होती, आठवतंय ना? पाणी हवं असलं की च्यायला. पाठ दुखली की च्यायला. सिस्टर औषध द्यायला आल्या की मान झुकवून, अगदी अदबीने, च्यायला. त्यांना कळतं सगळं. बोलायला जातात काहीतरी वेगळंच, बाहेर येतो हा शब्द, आणि मग स्वतःच दचकतात. डॉक्टर म्हणाले, विचार करून बोललेलं मेंदूत एकीकडे असतं आणि तोंडातून आपसूक सुटतं ते दुसरीकडे. यांचं पहिलं गेलं आणि दुसऱ्यातला एवढाच तुकडा राहिला. स्वभावाशी याचा काही संबंध नाही. हे मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

आता तुलाच का लिहितेय ते सांगते. त्या रविवारी बाबांनी भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. हरवलेलं मेंढरू, कठीण झालेलं अंतःकरण, काही म्हणता काही ठेवलं नाही, आणि मेंढरू तिसऱ्या ओळीत माझ्या शेजारी बसलेलं. घरी आल्यावर तू म्हणालास, "तुमचा देव तुमच्या जिभेवर राहतो, बाबा. तुमचं बोलणं काढून घेतलं तर काय उरतं ते बघायचंय मला." एवढं बोलून तू बॅग भरलीस. बाबा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. पाळक गावाला गेले की दीड-दीड तास प्रवचन देणारा माणूस, पण गप्प राहिला.

तर आता बोलणं काढून घेतलंय. काय उरतं ते तुला कळायला हवं. आणि खरं सांगू का, मलाही कळायला हवं, कारण मी या माणसाचं ऐकून विश्वास ठेवायला शिकले. तो पोकळ निघाला तर माझ्याकडे तरी काय राहिलं? म्हणून कळवत जाईन. जे दिसेल तेच लिहीन, गोड करून नाही. ये असं म्हणत नाही.

दुकान बंद आहे. अर्ध्या विणलेल्या खुर्च्या खुंट्यांना टांगल्यात. घर इतकं गप्प कधीच नव्हतं. एक तर बाबांची प्रवचनं, नाहीतर तुम्हा दोघांची टकटक. मोठा कोच आला की ते वर बसायचे आणि तू चौकटीखाली शिरायचास. मला स्वयंपाकघरात टकटक ऐकू यायची, कधी एकदा, कधी दोनदा, कधी तीनदा. मला वाटायचं, बापलेकांचे खेळ चाललेत.

तुझी ताई


५ फेब्रुवारी

बारक्या,

बाबांना घरी आणलं. दुकानातच पलंग टाकलाय, कारण आतल्या खोलीच्या दारातून व्हीलचेअर जात नाही. व्हीलचेअर मंडळीतल्या एकांनी वापरायला दिली. लोक चांगले आहेत. डबे आले, फळं आली. ज्यांना बाबांनी आयुष्यभर बोलू दिलं नव्हतं ते सगळे येऊन भरपूर बोलून गेले.

मग मी एक चूक केली. बाबांना उपासनेला नेलं.

त्यांनाच जायचं होतं. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट मांडीवर घेऊन बसलेले दिसले, मग मी कशाला अडवू? पहिला अर्धा तास छान गेला. गीताच्या वेळी सूर अगदी बरोबर, शब्द मात्र तोच. पण ऑर्गनच्या आवाजात खपून गेलं. नंतर प्रभुभोजन. सगळं चिडीचूप. पाळकांनी पेला बाबांच्या ओठांना लावला, अर्धा घोट वाकड्या तोंडातून शर्टावर सांडला, आणि बाबा आमेन म्हणायला गेले. काय बाहेर आलं ते सांगायला नको. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. चुकलं हे त्यांना कळत होतं, म्हणून दुरुस्त करायला जात होते आणि तेच म्हणत होते. शेवटी शेवटी ओरडून.

संध्याकाळी पाळक आणि खाकरूकाका घरी आले. खाकरूकाका म्हणजे तेच, प्रार्थनेआधी खाकरून खाकरून घसा साफ करणारे. आपण ठेवलेलं नाव इतकं चिकटलंय की खरं नाव आठवायला मला वेळ लागतो. आता ते मंडळीच्या पंचांचे प्रमुख आहेत आणि बाबांच्या जागी प्रवचनही तेच देतात. घसा साफ झाला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस बाळ. पण माणसाच्या आत जे साठलेलं असतं तेच अशा वेळी वर येतं. कुठेतरी काहीतरी दडवलेलं पाप असणार. ते त्यांनी कबूल करावं, म्हणजे जीभ मोकळी होईल."

मी म्हटलं, "कसं करतील कबूल? एका शब्दात?"

पाळक आपल्या बुटांकडे बघत राहिले. ते भले आहेत, पण पंचांना वचकून असतात. ठरलं ते असं की बाबांनी बरं वाटेपर्यंत घरीच उपासना करावी. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा की, मेंदूचं आहे हे. काका म्हणाले, "डॉक्टर शरीराचं बघतात." मी दार उघडं धरून उभी राहिले, तेव्हा कुठे उठले.

बाबा पलंगावरच होते, हाताच्या अंतरावर. त्यांनी सगळं ऐकलं. आणि मला राग कशाचा आला सांगू? हे काकांचं स्वतःचं नव्हतंच. मंडळीतल्या शिंपीणबाई आजारी होत्या तेव्हा त्यांच्या उशाशी बसून बाबांनी हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. काकांनी फक्त इस्त्री करून परत आणून दिलं.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

गोड करून लिहिणार नाही म्हटलं होतं, तर हे घे.

बाबांनी प्रार्थना सोडली. मी जेवणाआधी हात जोडले की ते भिंतीकडे तोंड फिरवतात. परवा मी पवित्र शास्त्र त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते थोडा वेळ धरलं, अक्षरांवरून डोळे फिरवले, आणि भिरकावलं. सरळ वेताच्या बादलीत. वाचताही येत नाही त्यांना आता. ते मला तेव्हा कळलं, इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. पुस्तक दोरीवर वाळत घातलं. पानं फुगलीत, मिटत नाही.

नंतर रडले. आई गेली तेव्हासुद्धा त्यांना मी असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा ते सगळ्यांना धीर देत फिरत होते, आणि आपल्याला दोघांनाही वाटत होतं की यांनी जरा गप्प बसावं.

त्या दिवशी मी तुला पत्र लिहायला घेतलं होतं. "तू जिंकलास" एवढंच लिहिलं आणि कागद चुरगळला. तू जिंकलास तर मला आनंद व्हायला हवा होता असं नाही, पण इतकं भकास वाटेल असंही वाटलं नव्हतं.

माझं विचारशील तर मी भांडते. बेडपॅन धुताना, चादरी बदलताना, लाँड्रीत लोकांच्या कपड्यांना नंबर लावताना माझं देवाशी भांडण चालू असतं. मोठ्याने नाही, गिऱ्हाईक घाबरतील. याला विश्वास म्हणतात का ते पंचांना विचारावं लागेल. पण मी भांडते म्हणजे समोर कोणीतरी आहे असं धरूनच चाललेय, नाही का?

ताई


३० मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "तब्येत कळवत जा." तीन शब्द. बाबांपेक्षा दोन जास्त, म्हणून तक्रार करत नाही. कार्ड बाबांना दाखवलं. वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ओळखलं बहुतेक. ते उशीखाली ठेवलंय. चादर बदलताना मी बाजूला काढलं तर माझ्यावर ओरडले.

तब्येत आहे तशीच. पण एक गोष्ट झाली.

मी जेवणाआधीची प्रार्थना मोठ्याने म्हणणं सोडून दिलं होतं. त्यांनी तोंड फिरवायचं आणि मी ते बघायचं, कशाला? परवा ताट वाढलं आणि सरळ घास उचलला. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. डाव्या हातात भलतीच ताकद आलीय. मला वाटलं, काही हवं असेल. त्यांनी डोळे मिटले, मान खाली घातली आणि सुरू झाले. च्यायला, च्यायला, च्यायला. तीच जुनी लय, तेच थांबे. आई म्हणायची ना, की यांच्या प्रार्थनेत जेवण गार होतं? जिथे ते आवाज खाली आणायचे तिथे आणला, जिथे श्वास घ्यायचे तिथे घेतला. एका जागी आजारी लोक असणार, एका जागी आई. मला ओळखता येत होतं. ऐकायला विनोदी वाटतं, पण मला हसू आलं नाही. पूर्वीच्या प्रार्थनेत मला नेहमी वाटायचं की बाबा आपल्याला ऐकवतायत. या वेळी ते कोणालाच ऐकवत नव्हते.

शेवटाकडे आले आणि थांबले. मग डोळे मिटलेलेच ठेवून बोटाच्या पेराने टेबलावर ठोकलं. टक टक टक. मला वाटलं, मीठ हवंय. मी मीठ सरकवलं. डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं की मी मीठ परत घेतलं. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तीनदा ठोकलं, आणि मग माझ्याकडे मान वळवली, म्हणजे मी आमेन म्हणायचं. तो शब्द आता माझ्याकडे आलाय.

तेव्हापासून रोज असंच. शेवटी टकटक, मग आमेन. मी आपली पाण्याचा पेला, चमचा, रुमाल, सगळं सरकवून बघितलं. काहीच नको असतं.

का बदललं, ते मला माहीत नाही. काही घडलं नव्हतं. हात तसाच, पाय तसाच, पंचांचा निरोप नाही. तुला पटेल असं कारण मला देता येत नाही.

ताई


११ मे

बारक्या,

काकू गेल्या, खाकरूकाकांची बायको. ताप आहे म्हणता म्हणता गेल्या. आपल्याला लहानपणी खिशातून गोळ्या काढून देणाऱ्या त्याच. मंगळवारी माती दिली. तिथे मी एकटी जाऊन आले, शेजारणीला बाबांजवळ बसवून.

परत आले आणि बाबांना सांगितलं. त्यांनी शर्टाकडे बोट केलं. मी म्हटलं, "कुठे जायचंय? त्या माणसाच्या घरी? तुम्हाला घरात बसवलं त्यांनी. मी नाही त्या दारात पाऊल टाकणार." बाबांनी चांगल्या पायाने माझी चप्पल माझ्यापुढे ढकलली. मी परत मागे सारली. त्यांनी परत ढकलली. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी हरले. तुला माहीतच आहे त्यांचा हट्ट.

काकांच्या बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. ती चांगल्या जागी गेली. देवाची इच्छा. तुम्हीच तर आम्हाला शिकवता काका, आता धीर धरा. काका भिंतीला टेकून बसलेले, आणि घसा साफ करायचंही विसरलेले. मी व्हीलचेअर आत आणली. काहींनी काकांकडे बघितलं, काहींनी छताकडे. बाबा तोंड उघडतील या भीतीने मी व्हीलचेअर दाराशीच थांबवली.

बाबांनी मला खूण केली, जवळ ने. नेलं. त्यांनी डाव्या हाताने काकांची बाही धरली. हात नाही, बाहीच. बराच वेळ नुसती धरून बसले. काकांनी वर बघितलं. बाबांचं तोंड हललं, आणि हळूच, अगदी काकांपुरतं म्हणाले, "च्यायला."

मी डोळेच मिटले.

मग काकांचा आवाज आला, फुटलेला. "हो ना रे," ते म्हणाले. "च्यायला." आणि ढसाढसा रडायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा रडले, असं त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितलं.

बाकीची माणसं हळूहळू उठून गेली. आम्ही दिवे लागेपर्यंत तिथेच होतो. दुसरं काही झालं नाही. बाबांनी बाही सोडली नाही आणि काकांनी सोडवून घेतली नाही. शिंपीणबाईंच्या उशाशी बसलेले बाबा आणि हे बाबा, यांच्यात नक्की काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण मी दोघांनाही पाहिलंय, आणि आजारपणात माझ्या उशाशी कोणी बसणार असेल तर मला कोण हवंय ते मला पक्कं ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी काका स्वतः व्हीलचेअर ढकलायला दारात हजर. पंचांची बैठक वगैरे काही झाली नाही. पहिल्या ओळीत बाबांच्या शेजारी बसले. प्रभुभोजनाच्या वेळी बाबांचा शब्द झाला आणि त्यावर काकांनी खणखणीत आमेन म्हटलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसू दे.

ताई


८ जून

बारक्या,

हे पत्र नीट वाच. एकदा वाचून झालं की पुन्हा वाच.

काकांनी एक खुर्ची आणून दिली. काकू खिडकीशी बसायच्या ती. बैठक फाटून लोंबत होती. "करता येईल का?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणणार तेवढ्यात बाबांनी खुर्चीच्या चौकटीवर हात ठेवला. झालं. दुकान उघडलं.

एका हाताने वेत विणता येत नाही हे मला तेव्हा कळलं. पट्टी वरून भोकात घालायची, खाली कोणीतरी ती ताणून घ्यायची आणि शेजारच्या भोकातून परत वर द्यायची. वरचा हात बाबांकडे होता. खालचा नव्हता. म्हणून मी या वयात, या अंगाने, खुर्चीखाली शिरले. माझी कंबर काय म्हणतेय ते लिहीत नाही.

खालून काही दिसत नाही. नुसती भोकं, त्यातून उजेड, आणि मधेच अंगावर ओली पट्टी. बाबा बोलू शकत नाहीत, मग मला कळणार कसं? त्यांनी चौकटीवर ठोकलं. एकदा. मी पट्टी सोडली तर ओरडले. पुन्हा एकदा ठोकलं. म्हणजे धरून ठेव. मग दोनदा. म्हणजे वर दे. चुकत चुकत शिकले. तू हे सहाव्या वर्षी शिकलास म्हणे. तुझं डोकं चांगलं आहे हे पहिल्यांदाच मान्य करते.

अशी आमची सकाळ गेली. एकदा, धर. दोनदा, दे. काम छान चाललं होतं आणि मला चक्क मजा येत होती. शेवटची पट्टी वर गेली. मी खालीच बसून राहिले, पुढच्या पट्टीची वाट बघत. आणि बाबांनी तीनदा ठोकलं.

टक टक टक.

मला कळेना. ना पट्टी आली, ना काही. पुन्हा तीनदा. मी हललेच नाही. मग बाबा व्हीलचेअरवरून वाकले, मला त्यांचा चेहरा उलटा दिसला, आणि त्यांनी डावा हात खाली, माझ्याकडे केला. काम झालं. बाहेर ये.

मी त्यांचा हात धरला, पण मला उठता आलं नाही. मी खुर्चीखालीच बसून रडले, बारक्या. बाबांना वाटलं, मला लागलं. च्यायला च्यायला करत माझं डोकं चाचपत होते.

तुझं नाव त्यांना घेता येत नाही. तेच नाव, जे भरल्या चर्चमध्ये घेतलं म्हणून तू गेलास. तेव्हा त्यांनी तुझ्याबद्दल देवाला इतकं सांगितलं होतं की तुला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. आता रोजच्या प्रार्थनेत तुझ्या जागी मेंढरू नाही, कठीण अंतःकरण नाही, तुझी चूक नाही. फक्त ती टकटक राहिली. आणि मी मूर्खासारखी मीठ सरकवत होते.

तू विचारलं होतंस, काय उरतं. मी जे पाहिलं ते लिहिलं. आता माझ्यापुरतं मला उत्तर मिळालं आहे, आणि माझं भांडणही जरा थंडावलं आहे. तुझं तू ठरव. ये असं मी पहिल्या पत्रातही म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. मी फक्त ठोकण्याचा अर्थ लिहून पाठवतेय, आणि तो तर तुला माझ्याआधीपासून माहीत आहे.

आज सकाळीही ठोकलं. मी आमेन म्हटलं.

तुझी ताई

ता. क. काकांना काकूंची खुर्ची इतकी आवडली की ते आता दिवाणखान्यातला मोठा कोच आणून टाकणार म्हणतायत. त्याच्याखाली माझा हात पुरत नाही, मी मोजून बघितलं. बाबांनी वेत मात्र आजच भिजत घातलाय.